वर्गणीची वही आधी शोधा

प्रश्न वाईहून आला आहे. चार-पाच तरुण मंडळींना आपल्या शहराची एक पुस्तिका काढायची आहे. घाट, देवळं, सरदार रास्ते, नाना फडणवीस यांच्यावर बरंच छापून आलंय, ते पुन्हा नको आहे. त्यांना हवंय गावाचं रोजचं जगणं: उत्सव कसे चालायचे, तालमीत कोण जायचं, वाचनालयात काय वाचलं जायचं, तंबूतला सिनेमा, जत्रा, व्याख्यानं. हाताशी कागद नाहीत आणि आठवणारी माणसं थोडी उरली आहेत. सुरुवात कुठून करायची?

माझं उत्तर एका ओळीचं आहे: कुणाच्या तरी माळ्यावर पडलेल्या वर्गणीच्या वहीपासून. पण ते नीट कळावं म्हणून जरा लांबण लावतो.

मी तेहेतीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली. त्या काळात आणि निवृत्तीनंतर तीन गावांच्या पुस्तिकांच्या कामात होतो. दोन गावं कृष्णाकाठची, एक माणदेशातलं. तिन्ही ठिकाणी आमचे पहिले सहा महिने वाया गेले, आणि कारण दर वेळी तेच. आम्ही पांडवांपासून सुरुवात केली. तुमची वाई म्हणजे विराटनगरी असं तुम्ही लहानपणापासून ऐकलं असेल. कर्नाटकातलं हानगलही तेच सांगतं आणि राजस्थानातलं बैराटही. पांडव एवढ्या गावांत राहिले असते तर त्यांचा अज्ञातवास अज्ञात कसला राहिला असता! चेष्टा सोडा, ही आख्यायिका टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती गावाचीच आहे. फक्त ती ‘असं सांगतात’ या शब्दांत लिहा, एका परिच्छेदात संपवा आणि पुढे चला.

कृष्णाबाईच्या उत्सवाचंही तेच. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईत मानतात. खान मारला गेला १० नोव्हेंबर १६५९ ला, ही तारीख पक्की आहे. नवसाची गोष्ट श्रद्धेची आहे. पण माघापासून पुढे सात घाटांवर पाळीपाळीने हा उत्सव फिरतो, प्रत्येक घाटाचा मांडव वेगळा, पंगत वेगळी, माणसं वेगळी, ही गोष्ट मला नवसाहून मोठी वाटते. भीमकुंड, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. सात घाट म्हणजे सात खजिनदार, आणि सात खजिनदार म्हणजे सात वह्या. साठ-सत्तर वर्षांच्या वह्या एका जरी घाटाच्या हाती लागल्या, तरी पुस्तिकेचा कणा उभा राहील.

आता वहीत काय असतं ते सांगतो. माणदेशातल्या गावात मला जी पहिली वही मिळाली ती लांबोडी होती, लाल कापडाच्या बांधणीची, मध्ये दोरा. कोपरे उंदरांनी खाल्लेले. वर ‘श्री’, खाली मिती, मग डाव्या हाताला जमा आणि उजव्या हाताला खर्च. जमेला माणसांची नावं आणि समोर रुपये-आणे-पै. काही नावांपुढे पैसे नव्हतेच, ‘ज्वारी पायली २’, ‘गूळ ढेप १’, ‘पत्रावळी शेकडा ३’ असं होतं. खर्चाला तेल, नारळ, कीर्तनकारबुवांची बिदागी, गॅसबत्तीचं भाडं, वाजंत्री, मांडवाचे वेळू.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, यात काय आहे? किराणा मालाची यादी. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की नावांचा क्रम दर वर्षी तोच होता. अक्षरांप्रमाणे नाही, रकमेप्रमाणेही नाही. तो मानाचा क्रम होता. पहिलं नाव पाटलांचं, मग कुलकर्ण्यांचं, मग शेटे, मग आळीआळीने. मधल्या एका वर्षी तिसरं नाव अकराव्या ओळीवर गेलं होतं. का गेलं हे विचारल्यावर गावातले दोन म्हातारे एकमेकांकडे बघून हसले आणि मग तासभर बोलत बसले. जमिनीचा दावा, पालखी कुणाच्या दारावरून न्यायची याचा वाद, आणि त्यापायी तीन वर्षं दोन वेगळे उत्सव. हे कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडणार?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जमेच्या बाजूला जी माणसं नसतात ती बऱ्याचदा खर्चाच्या बाजूला सापडतात. हलगीवाला, गुरव, न्हावी, मशाल धरणारा, पाणी भरणारी. ‘हलगी, असामी ४, रु. १’ एवढीच ओळ असते. नाव नसतं, असामी असते. पुस्तिका लिहिताना त्या चार असामी कोण होत्या, त्यांची नातवंडं आज कुठे आहेत, हे शोधणं तुमचं काम. आणि दोन्ही बाजूंना नसलेली माणसंही असतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

वही वाचायची कशी, याचे दोन-चार खाचखळगे सांगून ठेवतो, कारण आम्ही त्यात पडलोय.

जुन्या वह्या मोडीत असण्याची शक्यता मोठी आहे. पन्नासच्या दशकात शाळांतून मोडी गेली, पण दुकानदारांच्या आणि पुजाऱ्यांच्या हातातून ती लगेच गेली नाही. तुमच्यातल्या एकाने मोडी शिकायलाच हवी. चार-सहा महिन्यांत हिशेबापुरती येते. आकडे, महिने आणि ठरावीक शब्द एवढंच लागतं. मोडीचा बाऊ करणारे बहुतेक लोक मोडी न शिकलेले असतात.

सालांची गडबड फार होते. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत इंग्रजी साल बदललेलं असतं, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. तुमचा कृष्णाबाईचा उत्सव नेमका याच दिवसांत सुरू होतो, म्हणून जपा. शके १८४३ च्या फाल्गुनातली नोंद १९२२ ची असते, १९२१ ची नव्हे. पेशवाईतला कागद हाती आलाच तर त्यावर सुहूर सन, म्हणजे त्या काळची वेगळी सालगणना असेल, अरबी संख्यानामांत अक्षरी लिहिलेली. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे साल मृगाला बदलतं. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवा, १७६०-६१ येतं. म्हणजे पानिपताचं वर्ष. ‘सलास’ तीन, ‘अर्बा’ चार, ‘खमस’ पाच, ‘समान’ आठ, एवढी दहा-बारा नावं पाठ केली की झालं.

वहीवर सालच नसेल तर नाण्यांकडे बघा. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. पण गावच्या वह्यांत पुढेही दोन-तीन वर्षं आणे चालू दिसतात, कधी एकाच पानावर दोन्ही. एका खजिनदाराने तर समासात कोष्टकच मांडून ठेवलं होतं: एका आण्याचे सहा नवे पैसे, चार आण्यांचे पंचवीस. ते पान आम्ही जसंच्या तसं पुस्तिकेत छापलं. लोकांना तेच सगळ्यात आवडलं.

आणि आमची सगळ्यात मोठी चूक. एका गावी सर्वात जुनी वही १९३१ ची मिळाली, म्हणून आम्ही छातीठोकपणे लिहिलं की सार्वजनिक गणपती १९३१ ला सुरू झाला. पुस्तिका छापून झाल्यावर एक गृहस्थ आले, त्यांच्याकडे १९२४ च्या मेळ्याच्या पदांचं छापील चोपडं होतं. जुनी वही सापडली याचा अर्थ तिच्याआधी काही नव्हतं असा होत नाही. ‘१९३१ पासूनचे हिशेब उपलब्ध आहेत’ एवढंच वाक्य लिहिलं असतं तर पाचशे प्रतींवर चिकटपट्टी लावायची वेळ आली नसती.

वाचनालयाबद्दल तुम्ही विचारलं आहे, आणि तो माझा विषय आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

वाईचं नाव काढलं की प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि विश्वकोश हे तीन शब्द येतातच. यायलाच हवेत. नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या पाठशाळेत पिंपळनेरचा एक मुलगा येतो आणि तो पुढे तर्कतीर्थ होतो. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघतो आणि त्याचं संपादनाचं कार्यालय मुंबई-पुण्यात नव्हे, वाईत असतं. छत्तीस-एक हजार वस्तीच्या गावाला हे भूषण मोठंच. पण या प्रकरणाला माझ्या मते दुसरी एक बाजू आहे. १९१७ मध्ये विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन संस्कृत शिकायला वाईत नारायणशास्त्र्यांकडे आले. त्या मुक्कामात त्यांनी गावातल्या पोरांना जमवून विद्यार्थी मंडळ काढलं. मंडळाचं वाचनालय होतं, आणि त्याला पैसे कुठून आणायचे? मुलं लोकांचं दळण दळून द्यायची. जात्यावर. आलेला पैसा पुस्तकांना. हा सगळा वृत्तान्त त्यांनी गांधीजींना पत्रातून कळवला होता.

विनोबांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. तुम्ही दळणाऱ्या मुलांवर लिहा. ती कुणाची होती? कुठल्या आळीतली? ब्राह्मणाच्या घरचा हायस्कुलातला मुलगा जात्यावर बसतो, ही गोष्ट त्या काळी घरोघर कशी घेतली गेली असेल? दळण कुणाकडून यायचं? यातला एक जरी धागा एखाद्या घरात मिळाला, आजोबांची आठवण म्हणून, तर ते पान विश्वकोशाच्या पानाइतकंच मोलाचं ठरेल.

चालू वाचनालयात तीन गोष्टी मागा. दाखल नोंदवही, म्हणजे कुठलं पुस्तक कधी आलं, विकत की देणगी. देवघेवीची नोंदवही. आणि तक्रारवही. ही तिसरी कुणी मागत नाही. माझ्या नोकरीतल्या तक्रारवहीत एका सभासदाने सलग चार वर्षं एकच तक्रार लिहिली होती: वर्तमानपत्राचं शब्दकोडं कुणीतरी आधीच पेनाने सोडवून ठेवतं. शेवटी खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर होतं: ‘लवकर यावे.’ गावातली संध्याकाळ कशी असते हे कळायला याहून चांगला कागद नाही. देवघेवीच्या नोंदी पाहताना मनाची तयारी ठेवा. ज्ञानेश्वरी आणि इतिहासाची साधनं कपाटात नवी कोरी राहतात, रहस्यकथा पाचदा बांधून घ्याव्या लागतात. ते लपवू नका. गाव काय वाचत होतं ते लिहायचंय, गावाने काय वाचायला हवं होतं ते नव्हे.

तुमच्या गावचं वाचनालय मराठी मुलखातल्या साखळीत कुठे बसतं हे एका ओळीत सांगा: रत्नागिरी १८२८, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०, चिपळूण १८६४, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३. व्याख्यानमालेचंही तसंच. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तो वसा गावोगाव गेला. वाईची माला शंभरी ओलांडून बसली आहे. वक्त्यांची यादी छापण्याचा मोह होईल. छापा, पण परिशिष्टात. मुख्य मजकुरात मला वाचायचंय की पाहुणे कुणाच्या घरी उतरायचे, जेवायला काय असायचं, कुणाच्या व्याख्यानाला पाऊस आला आणि लोक छत्र्या उघडून बसले, आणि बायका बसायच्या कुठे. बसायच्या का?

आता तालीम, कुस्ती आणि जत्रा. हा भाग तुम्हाला सर्वात सोपा जाईल, कारण यावर बोलायला माणसं तयार असतात. इतकी तयार असतात की थांबवावी लागतात. ज्याला विचारावं तो सांगतो की त्याचे आजोबा अजिंक्य होते. म्हणून पैलवानांना विजयाबद्दल विचारू नका, मातीबद्दल विचारा. हौद्यातली माती कुठल्या ओढ्याची? त्यात हळद किती, तेल किती, ताक कुणाच्या घरून? माती दर किती वर्षांनी बदलायची? खुराकाचा खर्च कोण करायचं? या प्रश्नांची उत्तरं खोटी देता येत नाहीत, आणि त्यांतून गावातला पैसा कुठून कुठे वाहायचा ते कळतं. जोडीला जत्रेच्या हिशेबातली इनामांची पानं ठेवा: नारळावरच्या कुस्तीपासून शेवटच्या जोडीपर्यंत. कुठल्या वर्षी इनाम एकदम वाढलं ते बघा. धरणाचे कालवे, ऊस, मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर, यातलं एक कारण हमखास निघतं.

तुमच्या शेजारी बावधन आहे, म्हणजे बगाड आहे, बैलांनी ओढायचा तो उंच शिडाचा लाकडी गाडा. दर वर्षी रंगपंचमीला चॅनेलवाले येतात, उंच शिडाला टांगलेला बगाड्या दाखवतात आणि जातात. त्यांनी दाखवलेलं पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. बगाड्या कोण हे ठरवणारा कौल होळीला लागतो तेव्हा देवळात काय बोललं जातं, बगाड्याच्या घरचे लोक ते पाच दिवस कसे असतात, कृष्णाकाठून गावापर्यंत बगाड ओढताना कुठल्या शिवारात कुणाची बैलजोडी जुंपायची हे कोण ठरवतं, एवढं विचारा. बैलांच्या त्या क्रमात अख्ख्या गावाची मांडणी आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैल ठेवणं परवडत नाही, तरी या एका दिवसासाठी जोडी सांभाळणारी घरं आहेत का, तेही बघा.

तमाशाची नोंद हिशेबात ‘सुपारी’ म्हणून मिळेल. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला गावचे पंच नारायणगावला जायचे, अजूनही जातात. तिथे फडांच्या राहुट्या लागतात. पंचांनी घासाघीस कशी केली याच्या गोष्टी फार रंगतदार असतात. तंबूतल्या सिनेमाबद्दल विचारताना सिनेमाचं नाव विचारू नका, सगळे तेच तीन-चार पौराणिक सांगतात. रीळ बदलताना अंधारात काय चालायचं ते विचारा. मला एका आजोबांनी सांगितलं, पडद्याच्या मागच्या बाजूला बसलं की तिकीट निम्मं; अक्षरं उलटी दिसायची, पण वाचता कुणाला येत होतं?

बायकांच्या करमणुकीवर तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही. हे टोचून सांगतोय, कारण आम्हीही पहिल्या पुस्तिकेत तेच केलं होतं. दोनशे पानांत बायका एका छायाचित्रात, फुगडी घालताना. वाईसारख्या गावात घाट ही बायकांची जागा होती. धुणं, पाणी, उष्टी-खरकटी आणि गावातल्या सगळ्या बातम्या. मंगळागौर, भोंडला, नागपंचमीचे झोके, हळदीकुंकू, दुपारचं भजनी मंडळ, पोथीला बसणं. यांच्या वह्या कमी असतात. भजनी मंडळांच्या मात्र असतात, गाण्यांच्या, शाळेच्या वहीत निळ्या शाईने उतरवलेल्या. त्या मागा. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: मुलाखत घ्यायला बाई पाठवा आणि घरातला कर्ता पुरुष शेजारी बसणार नाही असं बघा. एका आजीबाईंनी आम्हाला पाऊण तास ‘आम्हाला काय कळतंय बाबा’ एवढंच ऐकवलं. यजमान देवळात दिवा लावायला गेले, तशा त्या पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, “सिनेमाला आम्ही सहाजणी चोरून गेलो होतो, ते लिहिणार का?” पुढची वीस मिनिटं आमच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत सर्वात चांगली आहेत.

आता जमेलाही नसलेली आणि खर्चालाही नसलेली माणसं.

घाट सगळ्यांचे नव्हते. पाणवठे वेगळे होते, मांडवात कुणी कुठवर यायचं हे ठरलेलं होतं. हे लिहिताना हात आखडू नका आणि ‘त्या काळची पद्धत’ म्हणून गुंडाळूही नका. यासाठी कागद आहेत. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. तो ठराव गावोगावच्या नगरपालिकांपुढे गेला. महाडला तो मानूनही अंमल होत नव्हता, म्हणून १९२७ चा सत्याग्रह झाला. तुमच्या नगरपालिकेच्या १९२३ ते १९३० च्या इतिवृत्तांत त्याचं काय झालं? कुणी सूचना मांडली, कुणी तहकूब ठेवली? हे पान शोधायला दोन दिवस लागले तरी द्या. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलसे जोरात होते, मागाहून आंबेडकरी जलसे आले. तीही करमणूक होती आणि तीही व्याख्यानमालाच होती, फक्त तिचा मांडव वेगळ्या ठिकाणी पडायचा. एकच विनंती: या सगळ्याचं ‘इतर समाज’ नावाचं शेवटचं प्रकरण करू नका. वाचनालयाच्या प्रकरणात सभासद कोण होऊ शकत होतं हे लिहा, घाटाच्या प्रकरणात घाटावर कोण उतरू शकत नव्हतं हे लिहा.

धोम धरणात गेलेली गावंही तुमच्याच तालुक्यातली. सत्तरच्या दशकात ती उठली. घरांची भरपाई कशी मिळाली यावर कागद पुष्कळ असतील, पण गावाचा देव कसा हलवला, नव्या जागी जत्रा पहिल्यांदा कधी भरली, जुन्या गावच्या मानकऱ्यांचा मान नव्या जागी टिकला का, हे सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. बोलायच्या माणसांत त्यांच्याकडे सर्वात आधी जा. 

बाकीची साधनं भराभर सांगतो. साताऱ्यावरचा मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खंड १८८५ चा आहे; वाईचं वर्णन त्यात आहे, पण ते साहेबाच्या डोळ्यांनी केलेलं आहे हे विसरू नका. जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा, त्यात वडिलांचा धंदा लिहिलेला असतो. सिटी सर्व्हेचे उतारे बघा. नाटकाचं थिएटर जिथे होतं तिथे आज कुणाची इमारत आहे ते कळेल. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तर आहे, पण तिथे विषय ठरवून जा, नाहीतर रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या, ढिगात हरवाल. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळीत तुमच्या गावातली घरंच्या घरं सापडतील. ‘सार्वजनिक काम’ या शब्दाला घाबरून लोक कागद देत नाहीत, पण ‘तुमच्या आजोबांचं नाव त्र्यंबकला वहीत आहे’ म्हटलं की कपाटं उघडतात.

देवळांना आणि वाड्यांना मी इतका वेळ बाजूला ठेवलं, त्यांचा राग नाही. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं, मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती पुरांत पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं हे नदीकाठच्या घरांना विचारून एका नकाशावर मांडलंत, तर नवीन काही केलंत. मेणवलीच्या घाटावरची घंटा पोर्तुगीजांची, तिच्यावर १७०७ साल आहे, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली. तीही सगळ्यांना माहीत. त्या घाटावर गेली पंचवीस वर्षं हिंदी सिनेमावाले येतात, पडद्यावर वाई कधी बिहार होते, कधी उत्तर प्रदेश. गर्दीतली माणसं म्हणून उभी राहिलेली वाईकर मंडळी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. रोज किती मिळाला, जेवण काय होतं, आपला चेहरा पडद्यावर दिसला का, हे आजच विचारून ठेवा. हाही इतिहासच, अजून कुणी तो गोळा करायला गेलेलं नाही एवढंच.

कागद हाताळण्याबद्दल शेवटचं. मूळ वही घरी नेऊ नका. मालकाच्या ओसरीवर बसा, फोनवर पानं टिपा, मागची कोरी पानंसुद्धा, आणि वही तिथेच परत द्या. छायाचित्रांच्या मागे पेनाने लिहू नका. मऊ पेन्सिल वापरा, नाहीतर शाई पुढे उमटते. प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, त्यातलं एक नदीपासून लांबचं असू द्या. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या दीडशे वर्षं जुन्या वाचनालयात पाणी शिरलं, हे विसरू नका. माझ्या डोळ्यांदेखत एका संस्थेने रंगकाम काढलं म्हणून सत्तर वर्षांच्या हिशेबवह्या रद्दीत घातल्या. मी पोचलो तेव्हा वजनकाट्यावर शेवटचा गठ्ठा होता. किलोच्या भावाने तेवढा विकत घेतला. त्यात १९४७ ते १९५२ ची पानं निघाली, आधीची गेली. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत गावात काय झालं हे कुणी बोलत नव्हतं; त्या वहीत त्या वर्षीच्या उत्सवाची जमा मागच्या वर्षाच्या पाव हिश्श्यावर आली होती आणि जमेची नऊ नावं कायमची गळली होती. ती नऊ घरं कुठे गेली, हे शोधण्यात आमची पुढची दोन वर्षं गेली.

तर सुरुवात अशी करा. सात घाटांपैकी ज्या घाटाशी तुमच्यातल्या कुणाचं नातं आहे, तिथल्या जुन्या खजिनदाराचं घर विचारून काढा. ते स्वतः नसतील, मुलगा किंवा सून असेल. दुपारी चारनंतर जा, दोघंच जा. वही लगेच मागू नका. त्यांच्या वडिलांचं अक्षर कसं होतं, ते आधी विचारा.